कोऱ्या तारखेचा राजीनामा

शहागड, ४ मार्च

चि. भुजंगास अ. उ. आ.

कांद्याचे चार वाफे भरायचे राहिले होते, अन् तू खोरं पाण्यात टाकून त्या विरोधी पक्षवाल्यांच्या गाडीत बसलास. दुसऱ्याचा हात खोऱ्याला लागल्याशिवाय पाण्याचं दारं सोडायचं न्हाई, ही आबांची शिस्त आमदार झाल्यावरही तू पाळत आल्तास. पाणी शेजारच्या गव्हात गेलं.

तुझा फोन बंद, म्हणून भारत ड्रायव्हरजवळ कपड्यांच्या पिशवीत हे देते. टीव्हीवर तुम्हाला ठेवलंय त्या हॉटेलातला पोहायचा हौद दाखवला. जपून. तुला विहिरीतही पोहता येत न्हाई.

पक्ष सोडला तर गावानं तारीख टाकावी, म्हणून प्रचारात सही करून दिलेला तुझा राजीनामा धान्याच्या कोठीत आहे. सरपंच काकासाहेब तो मागायला आल्ते. मी कोठीवरच बसून राह्यले.

माया आहेच.
दैवशाला

५ मार्च

ती. अक्कास सा. न. वि. वि.

फोन काढून घेतलेत. दारावर माणूस आहे. हे भारतच्या हाती, धुवायच्या कपड्यांतून धाडतोय. परवा सकाळी सभागृहात शिरगणती. आपलं सरकार पाडायला यांना आमदार हवेत. बदल्यात पाटाचं पाणी शेवटच्या अकरा गावांपर्यंत नेतो म्हणतात. मी निवडणूक लढवली ती याच पाण्यासाठी. एका शब्दापायी गावं कोरडी ठेवू?

मी भ्यालो नाही, असं काकासाहेबांना सांग. तुला म्हणून सांगतो, भ्यालोय. तू म्हणशील तसं करीन.

लोभ कमी करू नये.
भुजंग

शहागड, ६ मार्च

चि. भुजंगास अ. उ. आ.

तू म्हणशील तसं करीन, असं लिहून तू खोरं माझ्या हातात देऊन राह्यला. मी ते धरणार न्हाई.

पाटाच्या टोकाची झुंबरबाई आल्ती. तारीख टाकू नका, पाणी येऊ द्या, म्हणाली. तिच्या सुना दोन कोसांवरून हंडे आणतात. काकासाहेब म्हणाले, बिलकुल टाका. दोघंही माझ्याकडं बघत राह्यले. मंग मी कोठी उघडली.

राजीनाम्याचा कागद भारतजवळ दिलेल्या पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात आहे. पेनही ठेवलाय.

काहीही कर, घर तुझंच आहे.
दैवशाला

७ मार्च

ती. अक्कास सा. न. वि. वि.

आज सकाळी अकराला गणती झाली. मी आपल्याच पक्षाच्या बाकांपाशी उभा राहिलो. तरी सरकार दोन मतांनी पडलं. तारीख कोरीच आहे. पाटाचं काम होणार नाही. झुंबरबाईला तू काही सांगू नकोस. मी येतोय.

भुजंग