अर्ध्या टनाचा गारवा

९ एप्रिल

याला होडीतून बाहेर काढताना आज जीव मेटाकुटीला आला. केबिनची नुसती भट्टी झालेली! पायांत त्राण नाही, डोळ्यांपुढे सगळं धूसर. धक्क्यावरच्या ऑफिसात पंख्याखाली बसवलं, मानेवर ओला टॉवेल ठेवला – हळूहळू उठून चालायला लागला. डॉक्टर म्हणालेच होते, नसांच्या या आजारात उष्णता सोसत नाही. अंग गार झालं की बळ परत येईल, निदान सध्या तरी.

घरी चल म्हटलं तर नवरोबांनी तोंड फिरवलं. "पलंगावर पडायला पुढे आहेच की सगळं आयुष्य. हा उन्हाळा तरी मला होडीवर काढू दे."

म्हणजे एसी बसवणं आलं.

१२ एप्रिल

धाकटे दीर आले. "वहिनी, एक टनाचा घ्या, डोळे झाकून! कमी पडायला नको."

एवढीशी ती शिडाची होडी. केबिनमध्ये दोघं उभे राहिलो तर एकानं पोट आत घ्यावं लागतं! हा म्हणाला, "अरे, मला तिथे राहायचंय. मासळी नाही साठवायची."

दोघं भाऊ खो खो हसले. मी आत गेले, नळ सोडला आणि रडून घेतलं.

१५ एप्रिल

दिरांनी हट्टानं मित्राचा एक टनाचा चाकांवरचा एसी आणून लावला. क्षणात गारेगार! मी खूश. मग तो बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद. हवा झटकन गार होते की यंत्र थांबतं, ओल खेचायला त्याला वेळच मिळत नाही. भिंतींना घाम सुटला, गादी ओलसर. हा खोकून बेजार. वर दर वेळी एसी चालू झाला की धक्क्यावरची वीज जाते! शेजारच्या होडीतला कप्तान ओरडला, "कोण आहे रे तो?" (त्याला सगळे कप्तान म्हणतात. आयुष्यभर बस चालवली.)

दिरांनीच यंत्र उचलून नेलं.

२० एप्रिल

एसीवाल्याला होडीवरच आणलं. म्हणाला, "ताई, खोलीचा हिशेब इथे नाही चालत. वरचा पत्रा तापतो, तो आधी झाका. मग अर्ध्या टनाचा पुरेल. तो सतत चालू राहील, म्हणून हवा कोरडी ठेवील."

जुनं शीड उसवून छत शिवायला बसले. हा म्हणाला, "दे, मी दोरा ओवतो." कितीतरी वेळ ओवत होता. मग सुई तशीच खाली ठेवली आणि पाण्याकडे बघत बसला. मी बघितलंच नाही असं दाखवलं.

संध्याकाळ होती, वारा होता. पण दिवसभराचं ऊन बाधलं असेल.

२१ एप्रिल

उन्हानंच. दुसरं काय असणार!

२७ एप्रिल

एसी बसला एकदाचा! बाकाखालच्या कप्प्यात, बेताचा, मावेल एवढा. वर पांढरं छत. एकसारखी हलकी घरघर, वीजही जात नाही. गादी खडखडीत कोरडी. हा आडवा झाला नि म्हणाला, "आता बघ, उद्या शीड मी चढवणार."

दिरांना फोन केला. "वहिनी, जिंकलात तुम्ही!" म्हणाले. कितीतरी दिवसांनी जेवण गेलं.

२८ एप्रिल

केबिन छान गार. कुठे ओल नाही, कोंदटपणा नाही. शीड चढवायचं म्हणून याला हात दिला.

"उठता येत नाहीये गं."

म्हटलं, अंग अजून गार व्हायचं असेल, थोडं थांबू. थांबलो. आणखी थांबलो. याचे पाय हातात घेतले – थंडगार होते.

मग तोच म्हणाला, "एसी बंद कर. थंडी वाजतेय मला."