तासभर बसून दाखवा

प्रिय चिमणाबाई,

पत्र पाहून दचकू नकोस. माझी तब्येत ठणठणीत आहे आणि डोकंही ठिकाणावर आहे, आपले चिरंजीव काहीही म्हणोत. मी भर बाजारात घर भाड्याने घेतोय! घड्याळाच्या चौकात, पहिल्या मजल्यावर, दोन खोल्या आणि रस्त्यावर डोकावणारी हातभर गॅलरी. घेतलंय म्हणत नाही, कारण मालकीणबाईंची एक अट अजून पुरी व्हायची आहे. ती झाली नाही तर रविवारी हे घर दुसऱ्याला जाईल. अट शेवटी सांगतो. आधी सांगितली तर तू मधलं काही वाचणार नाहीस. गोष्टीचं शेवटचं पान आधी वाचायची तुझी खोड मला ठाऊक आहे.

काय घर आहे म्हणून सांगू! खाली किल्ल्या बनवणारा, त्याला खेटून चपला शिवणारा, समोर फुलवाली. वर नाचाचा वर्ग चालतो. पोरींनी एकदम पाय आपटला की आपला दिवा झुलतो. (बघ, ‘आपला’ लिहून गेलो.) स्वयंपाकघराचा नळ उलटा फिरतो. मागच्या बोळात समोरच्यांची खिडकी इतकी जवळ की हात लांब केला तर वाटीभर साखर इकडची तिकडे जाईल. मी लहान पोरासारखा तीनदा या खोलीतून त्या खोलीत गेलो, आणि खोल्या दोनच आहेत.

हा चौक तू ओळखलास ना? लग्नानंतर पहिली खोली बघायला इथेच आलो होतो. तू गॅलरीत उभी राहिलीस आणि पाच मिनिटांत खालच्या दोन बायकांशी तुझी ओळखदेख झाली. मी मात्र कपाळाला आठ्या घालून म्हणालो, या गोंगाटात पेपर कसे तपासायचे? तू तशीच जिना उतरलीस. पाचवीच्या पुस्तकात रानातल्या झऱ्यावर एक कविता होती. मी ती वर्गात उभा राहून म्हटली, मग जन्मभर पोरांकडून म्हणवून घेतली. त्या कवितेपायी मी तुला गावाबाहेरच्या शांत घरात नेलं. झरा काही तिथे नव्हता. शेजारही नव्हता. होतो तो मी एकटा, तुझं ऐकायला.

आता मालकीणबाईंची गंमत ऐक. या बाईंनी जन्मभर दवाखान्यात नर्सचं काम केलेलं, त्यामुळे बोलणं इंजेक्शनसारखं. मला म्हणाल्या, “लोक हौसेनं येतात नि आठ दिवसांत कानांवर हात ठेवून पळतात. माझा नियम आहे. संध्याकाळी पाच ते सहा, खिडक्या सताड उघड्या टाकून तासभर बसून दाखवा. मग किल्लीचं बोला.” मी खुर्चीत मांडी ठोकली. दहा मिनिटं झाली तरी चेहऱ्यावर हसू. बाई चहा घेऊन आल्या, माझ्या कानाकडे पाहिलं आणि कडाडल्या, “मास्तर, ते यंत्र खिशात ठेवून कुणीही बसेल. घाला आधी कानात!” शपथेवर सांगतो, लबाडी नव्हती गं. आवाज वाढला की हात आपोआप कानाकडे जातो, सवय लागलीय.

यंत्र घातलं आणि अख्खा चौक खोलीत कोसळला. कानस, हातोडी, भोंगे, भाजीवाल्यांच्या आरोळ्या, डोक्यावर पोरींचे पाय. पाच मिनिटं वाटलं, पळावं. तेवढ्यात खाली एक बाई फुलवालीला सांगू लागली. तिच्या नणंदेने नवी कोरी छत्री नेली, नेलीच नाही म्हणून शपथ घेतली, आणि मग परवा म्हणे... नेमका तिथेच भोंगा वाजला! मला राहवेना. गॅलरीतून वाकून ओरडलो, “अहो, मग छत्री सापडली का?” सगळा रस्ता हसला. फुलवाली म्हणाली, “सापडली हो आजोबा, नणंदेच्याच माळ्यावर! राहायला आलात का?” इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

आणि मग खुर्चीत परत बसल्यावर आठवलं की अशा गोष्टी रोज रात्री माझ्या ताटासमोर यायच्या. तू सांगायचीस, मी मान हलवायचो, आणि यंत्र सदऱ्याच्या खिशात असायचं. एकदा तू वाक्य अर्ध्यावर सोडलंस, तरी मी मान हलवलीच. मला कळलं तेव्हा तू ताटं उचलत होतीस. त्यानंतर तू माझ्यापाशी कामापुरतंच बोललीस. सूनबाईंच्या बाळंतपणाला तीन महिन्यांसाठी म्हणून गेलीस, आणि नात आता शाळेत जाते. लोकांना मी सांगतो, नातीत जीव अडकलाय तिचा. खरं कारण काय ते आपल्या दोघांनाच माहीत आहे.

तर अट अशी. मालकीणबाईंनी विचारलं, राहणार कोण? मी बेधडक म्हणालो, आम्ही दोघं. त्या म्हणाल्या, “मग दोघांनीही तासभर बसायला हवं.” शनिवारी पाच वाजता. तू आली नाहीस तर मी घर सोडून देईन; एकट्याला नकोच आहे ते. आलीस तर सकाळच्या गाडीने ये, मी स्टेशनवर उभा असेन. घर नाही आवडलं तरी चालेल, पण तेवढा तास माझ्या शेजारी बस. आणि एक काम कर. “पोस्टमनच्या धाकटीनं शेवटी...” इथवर मी ऐकलं होतं, मग हात कानाकडे गेला. चार वर्षं झाली. सांग ना, शेवटी तिनं काय केलं?

तुझाच,
यंत्र कानात घालून बसलेला
मास्तर