आप्पा रस्ता ओलांडतात

घोडपदेव, मुंबई
८ जानेवारी २०२४

चि. संघमित्रास,
जयभीम आणि पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तू हनोईला पोचलीस, खोली मिळाली, ऑफिस सुरू झालं, हे आईने मोठ्या अक्षरांत पाटीवर लिहून मला कळवलं. फोनवर तुझे ओठ हलताना दिसतात, आवाज काही पोचत नाही. गिरणीत साचेखात्यातल्या मागांच्या खडखडाटाने तरुणपणीच अर्धे कान नेले, उरलेले वयाने नेले. म्हणून हे पत्र. आई मोबाइलवर त्याचा फोटो काढून धाडेल. कोपऱ्यात तिचा अंगठा दिसेल, तोही आशीर्वादच समज.

हाताचं प्लास्टर निघालं. हात बरा आहे, मन नाही. विमानात बसण्याआधी तू हुकूम काढून गेलीस की आप्पांनी एकट्याने रस्ता ओलांडायचा नाही. तो पाळतो आहे. संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसतो. रस्त्यापलीकडे विहार दिसतो, त्याच्या पायरीवर गौतमराव आणि मंडळी जमलेली दिसतात. ते हात करतात, मी हात करतो. परदेशी तू गेलीस, पण मला समोरचा विहारच परदेश झाला आहे.

एक गोष्ट लागून राहिली आहे. त्या मोटारसायकलवाल्याने मला मागून उडवलं तेव्हा जमलेले सगळे म्हणाले की त्याने हॉर्न दिला होता. झालं, त्याची जबाबदारी संपली. गुन्हा माझ्या कानांचा ठरला. कानाचं यंत्र घालून बघितलं, तर साऱ्या नाक्याचे हॉर्न एकदम डोक्यात शिरले. ते डबीत ठेवून दिलं आहे.

तिथले रस्ते कसे आहेत ते लिही. परदेशात फार शिस्त असते म्हणतात.

तुझा जीव इथेच आहे हे ठाऊक आहे, तरी थोडा थोडा पत्रातून धाडत जा.
तुझा,
आप्पा


हनोई
२१ जानेवारी २०२४

ति. आप्पांना,
सविनय जयभीम.

शिस्तीचं विचारलंत, तर ऐका. इथे स्कूटरींचा पूर आहे. फुटपाथवर स्कूटर, उलट्या बाजूने स्कूटर, सिग्नल लाल असताना बाजूने निसटणाऱ्या स्कूटर. त्यात सध्या त्यांचं नवं वर्ष जवळ आलंय. फळांनी लगडलेली छोटी संत्र्याची झाडं कुंडीसकट मागे बांधून लोक घरी नेतात. सगळी बागच कुठेतरी निघाली आहे असं वाटतं. पहिल्या दिवशी मी ऑफिसला जायचं विसरून बघत राहिले.

लालबागच्या शाळेत रोज चालत गेलेली मुलगी मी, मला कोण शिकवणार? आपली पद्धत वापरली. तळहात ताठ पुढे केला, पळत सुटले, मध्येच थांबले आणि घाबरून एक पाऊल मागे आले. तेवढ्यात एका झाडाची फांदी माझी बाही ओरबाडून गेली. तो माणूस शिवी देईल म्हणून मी तयार होते. त्याने नुसती मान हलवली, आपण सोपं गणित चुकल्यावर मास्तर हलवायचे तशी.

मग एक म्हातारी आली. खांद्यावर कावड, दोन्ही टोपल्यांत भाजी. तिने माझं कोपर धरलं आणि चालायला लागली, अगदी स्वतःच्या स्वयंपाकघरात चालावं तशी. आप्पा, एकही गाडी थांबली नाही आणि एकही लागली नाही. आमच्या पुढून, मागून सगळं वाहत गेलं. पलीकडे पोचले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

ऑफिसातल्या मैत्रिणीने नंतर सांगितलं की इथे गाडीवाला लांबूनच तुम्हाला बघतो आणि तुमचं पुढचं पाऊल कुठे पडणार याचा अंदाज बांधतो. पळालात, थांबलात किंवा मागे फिरलात की तो अंदाज चुकतो. अख्खा रस्ता तुमच्या पावलांवर भरवसा ठेवून चालतो म्हणे. कळलं सगळं, पण एकटीला जमत नाही. काल समोरच्या दुकानात जायला मी टॅक्सी केली. आईला सांगू नका. अर्थात हे पत्र तिच्याच मोबाइलवर येणार, तेव्हा आई, हस खुशाल.

हुकूम मात्र कायम आहे. मार्चमध्ये दोघं इकडे या, तिकिटं मी काढते.

माया आहेच, तिच्यात खंड पडू देऊ नका.
तुमची,
मित्रा


घोडपदेव
२ मार्च २०२४

चि. मित्रा,
जयभीम. अनेक आशीर्वाद.

मी विमानात बसणार नाही, हे शेवटचं सांगते. तुझे आप्पा येतायत. बॅगेत सुकट भरली आहे, तुझ्या शेजाऱ्यांना वास आला तर खुशाल येऊ देत.

हा माणूस गॅलरीत बसून बसून सुकला गं. जेवतो, पण चव नाही. पूर्वी विहारातून आला की तासभर तिथल्या गप्पा मला सांगायचा, मी कंटाळायचे. आता कंटाळायला मिळत नाही. म्हणून जाऊ दे म्हटलं. पण तिथल्या त्या रस्त्याचं तू लिहिलंस आणि माझी झोप उडाली. त्यांना ऐकू येत नाही, हे एक क्षण विसरू नकोस. हात सोडू नकोस.

तुझ्यावर सोपवलंय, जपून परत पाठव.
तुझी आई,
कौसल्या


हनोई
१२ मार्च २०२४

ति. आईस,
सप्रेम जयभीम.

आधी सांगते, आप्पा सुखरूप आहेत. आत्ता खिडकीत बसून सुकटीबरोबर भात खातायत. आता बाकीचं वाच आणि रागावू नकोस.

रविवारी त्यांना तळ्याकाठचं बुद्धमंदिर बघायचं होतं. मध्ये तो रस्ता. मी त्यांचा हात घट्ट धरला आणि उतरले. दोन पावलं गेलो तोच चहूबाजूंनी हॉर्न सुरू झाले आणि मी नेहमीचंच केलं, जागच्या जागी थिजले. आई, हात सुटला. आप्पा चालत राहिले. मी किंचाळले, मग आठवलं की त्यांना ऐकू जाणार नाही.

आणि म्हणूनच ते वाचले. मला जो आवाज घाबरवत होता, तो त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता. ते दचकले नाहीत, थबकले नाहीत, वेग बदलला नाही. हात खाली, तळवा उघडा, साचेखात्यात खुणांनी बोलायचे ना, तसा तो हात शांतपणे गाड्यांना सांगत होता की मी इथून चाललो आहे. आणि तो सगळा पूर त्यांच्यापाशी येऊन दुभंगत होता. मी श्वास रोखून बघत राहिले. माझे आप्पा मला इतके उंच कधी दिसले नव्हते.

पलीकडे पोचून वळले, तर मी मध्येच. ते परत आले, आई. त्याच पावलांनी, त्याच पुरातून. शाळेत सोडताना धरायचे तसं माझं बोट धरलं आणि मला घेऊन गेले.

मंदिरात खूप वेळ बुद्धासमोर बसले. बाहेर पायरीवर आल्यावर म्हणाले की इथे प्रत्येक जण माझ्याकडे बघून गेला, आपल्या नाक्यावर माझ्याकडे शेवटचं कोणी कधी बघितलं ते आठवत नाही. मला रडू आवरेना.

पण आई, तिकडे आल्यावर त्यांना हे करू देऊ नकोस. तिकडचे बघत नाहीत, नुसतं वाजवतात. हुकूम तसाच ठेव.

तुझ्या काळजीचा वाटा मीही उचलते आहे, हे लक्षात असू दे.
तुझी,
मित्रा


घोडपदेव
४ एप्रिल २०२४

चि. मित्रा,
जयभीम.

व्हायचं ते झालंच. आल्याच्या दुसऱ्या दिवशी नाक्यावर हात खाली, तळवा उघडा करून निघाले. शिवडीकडे जाणारा ट्रक करकचून थांबला. मी मागोमाग होते, कॉलर धरून ओढलं म्हणून निभावलं. ट्रकवाला काय काय बोलला ते त्यांना ऐकू आलं नाही, पण त्याचं तोंड दिसलं.

तेव्हापासून खुर्ची गॅलरीतूनही आत आणली आहे. विहाराकडे बघत नाहीत. तुझ्या त्या गावाने त्यांना पंख दिले आणि माझ्या हाताने मी ते कापले. मी तरी काय करायचं होतं?

उत्तर सुचलं तर लिही, नाही सुचलं तरी लिही.
तुझी आई


घोडपदेव
२४ मे २०२४

चि. संघमित्रास,
जयभीम आणि आशीर्वाद. वि. वि.

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. आता आहे.

चौदा एप्रिलला आपली मिरवणूक निघाली. मी खिडकीतून बघत होतो. तोच नाका, तेच मोटारसायकलवाले, तेच ट्रक, सगळे निमूट उभे. स्वतःलाच म्हटलं, बुधाजी, हनोईत एकट्या माणसालाही बघतात, इथे एकटा माणूस दिसत नाही. इथे माणूस दिसायला मोर्चा लागतो. आणि मोर्चा काढणं आपल्याला कोणी शिकवायला नको, संपात आयुष्य गेलं.

आईला सांगितलं. ती आधी हसली, मग चप्पल घालून चाळीत फिरून आली. दुसऱ्या संध्याकाळी सुभद्राबाई काठी घेऊन आल्या, गुडघ्यांमुळे वर्षभर खाली न उतरलेली कालिंदी आली, मागच्या चाळीतले दोघं आले. हातात हात घालून आम्ही रस्त्यात उतरलो. पळायचं नाही, थांबायचं नाही, मागे फिरायचं नाही, हे तुझ्या मैत्रिणीने सांगितलेले नियम मी सगळ्यांना खुणेने पाठ करून घेतले होते. सुभद्राबाईंनी संपातल्या सवयीने घोषणाही दिली, असं तुझी आई सांगते.

काल बुद्धपौर्णिमा होती. पांढरे कपडे घालून निघालो. इतके झालो होतो की आमचं एक टोक विहाराला लागलं तरी दुसरं चाळीच्या दारात होतं. बस आली आणि थांबली. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून विचारलं की मोर्चा कशासाठी आहे. तुझ्या आईने सांगितलं की रस्ता ओलांडण्यासाठी. मित्रा, त्या माणसाने इंजिन बंद केलं. आणि आमच्याकडे बघत राहिला, एकेका चेहऱ्याकडे. मागे हॉर्न वाजत असतील, मला ठाऊक नाही. मला सारा नाका तळ्याकाठच्या त्या मंदिरासारखा शांत वाटला.

इतकी वर्षं तुझी आई रस्त्यात माझ्यामागून दोन पावलं चालत आली. आता ती पुढे असते आणि माझा हात तिच्या हातात असतो. गल्ली बघते. बघू दे.

तू एकटी टॅक्सी करू नकोस, कोणाचं तरी बोट धर. आणि काळजी सोड, तुझा हुकूम मी मोडलेला नाही. मी एकट्याने रस्ता ओलांडत नाही.

हे विहाराच्या पायरीवर बसून लिहितो आहे. गौतमराव जयभीम सांगतायत.
तुझा,
आप्पा