रक्तदाबाचे अंतर्गत मूल्यमापन

१ जुलै, मंगळवार
आजपासून रोजनिशी. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून नव्हे, मनात होतंच. डॉक्टर म्हणजे नूपुर, माझी जुनी विद्यार्थिनी. दादरला दवाखाना आहे. "सर, बसा" म्हणाली तेव्हा सवयीने तिची वही मागणार होतो.
रक्तदाब १५२/९६. एक महिन्याची मुदत. मीठ कमी, रोज चालणं, शाळेतली जास्तीची कामं बंद, घरच्या मशीनवर मोजून नोंद. महिनाअखेर वरचा आकडा १३५च्या खाली नसेल तर गोळी. कायमची. बाबांना अशीच लागली होती. त्यानंतर त्यांनी घरातला प्रत्येक विषय त्या गोळीपर्यंत आणून सोडला. मला ते नको. मी सेहेचाळीस वर्षांचा आहे.
कारण शोधायला डॉक्टर लागत नाही. सातवी क. एकोणसाठ मुलं, निम्मी वरळी कोळीवाड्यातली. होडीतून काठावर हाक मारायचे आवाज. मी भूगोल शिकवतो.

३ जुलै, गुरुवार
जास्तीची कामं जमणार नाहीत, असं मोठ्या बाईंना सांगायला गेलो. मुख्याध्यापिका आहेत, पण समजूतदार. पाच मुद्दे कागदावर लिहून नेले होते. पहिला मुद्दा काढायच्या आत त्या म्हणाल्या, "पागनीस सर, बरं झालं आलात. वरून पत्रक आलंय. शिक्षकांच्या ताणमुक्तीसाठी समन्वयक नेमायचाय. तुमच्याइतका शांत माणूस आपल्याकडे दुसरा नाही."
कागद खिशात राहिला. हो म्हटलं. पण याला जास्तीचं काम म्हणता येणार नाही. ताण कमी करण्याचंच काम आहे, माझाही होईल.
बायकोला, सुनेत्राला, सांगितलं. ती विम्याच्या ऑफिसात आहे. खोट्या क्लेमच्या फाइलकडे बघावं तसं तिने माझ्याकडे बघितलं आणि पोळ्या लाटायला लागली.

६ जुलै, रविवार
चालायला शिवाजी पार्क. पहिल्याच वळणावर एक पालक. "सर, अर्धं मिनिट." चाळीस मिनिटं उभा होतो. ते गेल्यावर दुसरे, ते रांगेतच होते. एकूण पावलं दीडशे. वहीत लिहिलं, "मैदानावर एक तास". खोटं नाही.
रक्तदाब तीनदा मोजला. १५०, १४६, १३८. मुलांच्या तीन चाचण्यांतली सर्वोत्तम धरतो, मग स्वतःशीच कठोर का व्हावं? १३८.

९ जुलै, बुधवार
हे बरोबर आहे का, असा प्रश्न पडला. प्रामाणिकपणे दोन दिवस विचार केला. वहीवर "अंतर्गत मूल्यमापन" असं शीर्षक घातलं. आता मन स्वच्छ.

१२ जुलै, शनिवार
पालक टाळायला संध्याकाळी वरळीच्या बाजूला गेलो. कोळीवाड्याच्या तोंडाशी सुकी मासळी घेऊन सीमाताई. सातवी कमधल्या अक्षताची आई.
"काय सर, आमची पोरगी वर्गात लई बोलते काय?"
नाही म्हटलं. अक्षता एका तासात जेवढं बोलते तेवढं मी आठवड्यात बोलत नाही, पण संध्याकाळची वेळ होती.
"मग घ्या. होड्या बंद हायत, ताजं नाय काय." डझनभर खारे बांगडे, वर्तमानपत्रात बांधून. मिठाचं कारण सांगितलं. "ओ, धुऊन घ्यायचे ना!" घेतले. नाही घेतले असते तर वाईट दिसलं असतं. दोन खाल्ले, तेही तसं वाईट दिसू नये म्हणूनच.
रक्तदाब १५६. हा आकडा बांगड्याचा, माझा नव्हे. प्रतिकूल परिस्थितीत परीक्षा देणाऱ्यांना सवलत असते. वीस वजा. १३६. काठावरच्याला दोन गुण आपण देतोच. १३४.
पास.

१६ जुलै, बुधवार
समन्वयकाचं काम: एकतीस शिक्षकांकडून ताणाची प्रश्नावली भरून घेणे. चौसष्ट प्रश्न, मुदत शुक्रवार. कोणी भरेना. शेवटी नऊ जणांची मीच फोनवर विचारून भरली. स्वप्नील सर, नवीन लागलेत, म्हणाले, "टाका हो सर काहीही. मला ताण एकच आहे, तुमचे मेसेज."
"इतर" या रकान्यात नोंदवलं.

१८ जुलै, शुक्रवार
शाळा सुटल्यावर सर्व शिक्षकांसाठी ध्यान. प्रोजेक्टर बंद. एक्स्टेंशन बोर्डसाठी तीन मजले दोनदा चढलो. दहा मिनिटं सगळे डोळे मिटून शांत बसले. मी तेवढ्यात हजेरी घेतली. फोटोही काढायचे होते. फोटोत सगळे ताणमुक्त दिसतात.

२१ जुलै, सोमवार
मुळावरच घाव घातला. सातवी कमधून मुक्त करावं असा लेखी अर्ज, वैद्यकीय कारणास्तव. मोठ्या बाई म्हणाल्या, बघू. अर्ज देताच हलकं वाटलं. मोजलं नाही, पण १३० तरी असणार. १३० लिहिलं.

२४ जुलै, गुरुवार
नूपुरला वही दाखवली. महिनाभराचे आकडे एका ओळीत, सुवाच्य. तिने पानं उलटली. "सर, हा निकाल मॉडरेट केलाय का?"
थोडाफार, म्हटलं.
ती हसली नाही. दंडाला चोवीस तासांचं मशीन बांधलं. दर अर्ध्या तासाने फुगतं, मोजतं, आत साठवतं. आपल्या हातात काही ठेवलेलं नाही.

२५ जुलै, शुक्रवार
मशीन घालून शाळेत. सातवी कमध्ये भरती-ओहोटी. भर तासात पट्टा फुगला. मागून आवाज: "सर, तुमच्या हाताला भरती आली!" वर्ग लोळला. मग अक्षता उभी राहून सांगू लागली: काल अमावस्या झाली, आज उधाण, बाबांनी होडी पहाटेच वर ओढून घेतली. मी विचारलं, किती वर? यावर बारा मुलांची बारा मतं. पुस्तक मिटलं. फळ्यावर त्यांनीच किनारा काढला, कोणाची होडी कुठे ते दाखवलं. घंटा झाली ती कोणालाच ऐकू आली नाही.
सगळ्यांत वाईट आकडा इथलाच निघणार. नूपुरला पुरावा मिळेल.

२९ जुलै, मंगळवार
अर्ज मंजूर! सातवी क उद्यापासून स्वप्नील सरांकडे. मोकळ्या झालेल्या तासांत मी ताणमुक्तीचा अहवाल लिहायचा. मोठ्या बाईंचे दोनदा आभार मानले.

३१ जुलै, गुरुवार
मशीनचा अहवाल.
सर्वात जास्त: १७२. शुक्रवार दुपारी साडेचार, समन्वयकांची ऑनलाइन सभा, विषय "ताण ओळखा". त्याखालोखाल १६४. गुरुवारी संध्याकाळी सात. तेव्हा मी ही रोजनिशी लिहीत होतो.
सर्वात कमी: ११८. सकाळी साडेअकरा.
"सर, तेव्हा काय झोपला होतात?"
सातवी कमध्ये होतो, म्हटलं.
नूपुरने त्या आकड्याभोवती पेनने गोल केला. "मग हे तास काही झालं तरी सोडू नका," म्हणाली आणि गोळी लिहून दिली. अर्धी, सकाळी, नाश्त्यानंतर. किती दिवस ते मी विचारलं नाही, तरी तिने सांगितलं.
तडक शाळेत. मोठ्या बाई म्हणाल्या, वेळापत्रक ऑनलाइन चढलंय, आता पुढच्या सत्रात बघू. स्वप्नील सरांना गाठून अदलाबदल मागितली. "नाही हो सर, कसली मस्त पोरं आहेत! आज मलाच शिकवत होती."
जिन्यात अक्षता भेटली. तिला कोणीतरी माझं वैद्यकीय कारण सांगितलं होतं. एरवी एवढी बोलते, आज हळूच म्हणाली, "सर, बरे झालात की परत येणार ना आम्हाला शिकवायला?"
हो म्हटलं. गोळी कायमची आहे, हे काही तिला सांगितलं नाही.