झाडांवर पाणी फवारताना

ती. ताईस,

राग असला तरी नमस्कार आधी घे, राग नंतर काढता येईल. तुझा गुडघा कसा आहे? भावोजी बिनसाखरेचा चहा अजून तुझ्यासमोरच पितात ना? (मागे काय पितात ते मला माहीत आहे, पण मी चुगली करणार नाही.) चार महिने आपण बोललो नाही, म्हणून हे पत्र. शाळेच्या ग्रंथालयातली नोकरी मी धुळीपायी सोडली तेव्हा तू म्हणाली होतीस, नोकरीबरोबर विमाही जाईल, तेवढं तरी बघ. माझ्या श्वासाचं मी बघेन, असं म्हणून मी फोन आपटला. तर ते मी बघते आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत दुसरं काही बघतच नाही.

पहिल्या विमा कंपनीने 'दमा' हा शब्द वाचून फॉर्म परत केला. दुसरी 'विचार करू' म्हणाली आणि अजून विचारच करते आहे. तिसरीने हप्ता सांगितला, तो ऐकून मला खुर्चीतच दम्याचा पंप ओढावा लागला. मग एजंट (माणूस सज्जन, पण बोलताना पंख्याकडे बघतो) म्हणाला, "मॅडम, दमा लिहायचाच कशाला? खोकला कुणाला नसतो!" आणि एकवीस वर्षं मुलांकडून फाटलेल्या एकेका पानाची कबुली घेतलेल्या मी चौथ्या फॉर्मवर 'नाही'च्या चौकटीत खूण केली. तेव्हापासून घरात नुसत्या येरझारा. कपाट तीनदा लावलं, तीनदा विस्कटलं.

मंगळवारी त्या कंपनीचा चौकशीचा फोन आला तेव्हा मी नेमकी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, फोन घरात. घंटा ऐकून तीन मजले धावत उतरले. फोनवर कंपनीच्या डॉक्टरीणबाई होत्या, त्यांनी विचारलं, श्वासाचा काही त्रास? नाही म्हणाले, आणि राहवेना म्हणून तिथेच पंप ओढला. फुस्स. हा आवाज कसला, म्हणाल्या. मी म्हटलं, झाडांवर पाणी फवारते आहे. मग त्या म्हणाल्या, "आमच्या आईकडेपण अशीच झाडं आहेत. मिनिटभराने पुन्हा एकदा फवारायचं असतं ना? फवारा. मी थांबते." ताई, मी पुन्हा फवारलं आणि सातव्या वर्षापासूनचं सगळं सांगून टाकलं. खरं लिहून नवा फॉर्म भरायचा, असं ठरलं. हप्ता जरा जास्त पडेल, पण झेपेल. दम्याचा खर्च मात्र दोन वर्षांनंतर मिळेल. (तोवर थांब, हे दम्याला कुणी समजवायचं, ते फॉर्ममध्ये नाही.)

बाकी ठीक. तुझं बरोबर होतं हे सांगायला हे पत्र नाही, त्यामुळे ते लिहीत नाही.

तुझी,
धाकटी

ता. क. सातव्या वर्षी मला पाठुंगळी घेऊन दवाखान्याचा जिना तूच चढली होतीस. (गुडघा तेव्हाच गेला, असं तू म्हणतेस.) म्हणून नव्या फॉर्मवर 'लहानपणापासून ओळखणारे नातेवाईक' या ओळीत तुझा नंबर दिला आहे. सोमवारी कंपनीचा फोन येईल. खरं तेच सांग. आपण बोलत नाही, हे लिहायला रकाना नव्हता.

पुन्हा ता. क. सोमवार लांब आहे. रविवारी एक फोन येईल, तो कंपनीचा नसेल. तोही उचल.