सतरा एप्रिलची नोंद

मंगरूळपीर, २ ऑगस्ट

प्रिय धम्मदीपा,

फोनवर माझी जीभ वळत नाही, म्हणून कागद घेतला. आपल्या बॅटरीच्या दुकानात तुझं स्टूल अजून काउंटरच्या आतच आहे. गिऱ्हाईक त्यावर बसायला लागलं की मी दुसरं पुढे करतो. तुझी आई म्हणते, "लेक काय स्टूलावर बसायले बंगलोरहून येऊन राह्यली?"

त्याच स्टूलावर बसून तू मला तुझं संशोधनाचं काम समजावलंस. अणूंइतके पातळ थर, आणि ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मधे कार्बन. मी म्हटलं, आपल्या बॅटरीत दोन प्लेटांच्या मधे जाळी असते, तसंच ना? तू म्हणालीस, "बाबा, तुमाले बरोबर समजलं." नववीत शाळा सोडलेल्या माणसाला एवढं पुष्कळ झालं. आता पोहरादेवीच्या हेमसिंगची रिक्षा बंद पडली तरी मी आधी तुझे थर सांगतो. तो वैतागतो, "भाऊ, बॅटरी पहा ना, थर मंग सांगजा!"

मार्चमध्ये तू काळ्या शाईसारख्या द्रवाची ती बाटली दुकानातल्या कपाटात ठेवून गेलीस. तुझा पदार्थ इथल्या उन्हाळ्यात टिकतो का, ते पाहायचं होतं. बाटली उघडायची नाही, रोज दोनदा तापमान लिहायचं. मी एक्याण्णव दिवस लिहिलं, अर्ध्या अंशापर्यंत. एक नोंद चुकली नाही. जूनमध्ये तू आलीस तेव्हा शाई पांढुरकी झाली होती. "उघडली नव्हती ना?" तू विचारलंस. मी वहीकडे बोट दाखवलं. वही छातीशी धरून तू एस.टी.त बसलीस, त्यानंतर आली नाहीस.

परवा फोनवर म्हणालीस, लॅबमध्ये गारव्यात ठेवलेली जोडीची बाटली काळीच आहे, माझ्या पदार्थाला ऊनच सोसत नाही. अठरा तारखेला मार्गदर्शक सरांना सांगून हे काम सोडते.

दीपा, उन्हाचा दोष नाही. सतरा एप्रिलला मी बाटली उघडली. शाई बोटभर खाली उतरली होती, आणि पातळी कमी दिसली की सत्तावीस वर्षं माझा हात बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरकडे जातो. पहिल्याइतकं भरलं, बूच पुन्हा मेणानं बंद केलं. त्या दिवशीचं तापमान लिहिलं, हे लिहिलं नाही. पंधरवड्यात रंग उतरू लागला तेव्हा चूक कळली, हवा-पाणी शिरूनच शाई बिघडत होती. पण प्लेट पाहून बॅटरीचं वय सांगणारा माणूस मी. लेकीला 'चुकलो' म्हणायला तीन महिने लागले. हा कागद सरांना दाखव. पुढच्या मार्चमध्ये नवी बाटली आण, कपाटाची किल्ली या वेळी आईकडे राहील. रागवायचं असेल तर मात्र मार्चची वाट पाहू नकोस. इथे येऊन रागव, स्टूलावर बसून.

तुझी वाट पाहणारा, तुझाच
बाबा