पोट्याशची संत्री

९ नोव्हेंबर १९५९
नले, तारीख टाकली ना? वही आजीची, पन लिहिनारी तू, अन् तू तर काल चुलीवर दूध ठेवून इसरलीस. म्हनून सगळं सांगतो. वर्ध्याच्या डॉक्टरनं माह्या पायाच्या सुजेवर लघवीची गोळी देल्ली. म्हने, गोळीनं अंगातलं पोटॅशियम वाहून जाते. रोज दोन संत्री, एक केळं खा, नाई तर पाय उचलनार नाई, दवाखान्यात भरती व्हा लागन. मी भरती होत नसतो. इचारलं, दिवाळीत पोरं गंधकासंगं ठोकून धडाम उडवतेत तेच पोट्याश ना? म्हने, त्याच्याच भावकीतलं. समजलं.

१० नोव्हेंबर, सकाळ
तुह्या बापानं, बबननं, कारंज्याहून टोपलीभर संत्री आनली. डोस आजपासून पक्का. तेवढ्यात शेजारची अनुसया कुंपनावरून म्हने, बुढीचे पाय सुजले, आता लाकडं जमवा. संत्र्यात पोट्याश, म्हंजे आदळल्यावर फुटलंच पायजे. तिच्या कपाळावर टेस्ट केली. आवाज झाला, पन अनुसयाचा.

११ नोव्हेंबर
अनुसया मुसळ घेऊन आंगनात. हंडा चेपला माहा. म्या संत्र्याची टोपली तिच्यावर रिकामी केली. तिचे समोरचे दोन दात पडले. ते आधीच हालत असन. खायाले संत्रं उरलं नाई, यात माहा काय दोष? केळं बकरीले देल्लं. वाकडं जाते, नेम बसत नाई.

१३ नोव्हेंबर
पायात गोळे. हा अशक्तपना नाई, लढाईचा थकवा हाय. तोंड वाकडं करू नोको नले, लिही. बबन वरडला, माय, संत्री खायाची असतेत! म्या म्हतलं, पोटात पोट्याश भरून चुलीपाशी बसू काय बाबू? खाईन. आधी अनुसया शरन येऊ दे.

१४ नोव्हेंबर, दुपार
नवी टोपली. अनुसया उलथनं घेऊन धावली. म्या हात उगारला. हात वर, पाय खाली. उठताच येईना. तिनं उलथनं फेकलं, मले खांद्यावर टाकलं, बैलबंडीत आदळलं. वर्ध्यापर्यंत शिव्या देत तोंडात फोडी कोंबल्या. म्या बोट चावलं तिचं.

१६ नोव्हेंबर, दवाखाना
भरती. तात्पुरती. अनुसया खाटेपाशी बसून मले चारते, बोटाले पट्टी बांधून. इसरू नोको नले: घरी गेली का उद्या चार संत्री पाठवजो, सोलून. नर्सबाईचा हुकूम हाय. फोडी दूर जात नाई, म्या पाह्यलं फेकून. अन् दोन केळी, चांगली मऊ. ते अनुसयाले. तिले चावता येत नाई.